मागच्या सीटसाठी स्लायडर

आमच्या घरात बोलायला जागा नाही. बसायला आहे, झोपायला आहे, दोन माणसांना एकमेकांना धक्का न लावता स्वयंपाकघरात उभं राहता येईल इतपत ऐसपैसही आहे. पण विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा आहेत की आतल्या खोलीत कुणी कूस बदलली तरी बाहेरून आई विचारते, "झोप लागंना व्हय?" लग्न झालं तेव्हापासून आई आमच्याजवळ आहे, म्हणजे खरं तर आम्ही आईजवळ आहोत. तिच्याबद्दल तक्रार नाही. फक्त तिचे कान शाबूत आहेत आणि तिला प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

त्यामुळे बायकोचं आणि माझं खरं बोलणं मोटरसायकलवर व्हायचं. दर रविवारी सकाळी आम्ही मार्केट यार्डात भाजी आणायला जायचो. विश्रांतवाडीहून मार्केट यार्ड म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. वाटेत येरवडा, बंडगार्डनचा पूल, कॅम्प, आणि असू शकतात तितके सगळे सिग्नल. भाजीत वाचायचं ते पेट्रोलमध्ये जायचं. हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. आम्ही पिशव्या हातात घेतल्या की आई म्हणायची, "हितं काय भाजी मिळत न्हाय व्हय?" बायको अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "तिथली ताजी असते हो, आई." आणि आम्ही निघायचो.

ती मागे एका बाजूला पाय टाकून बसायची. साडी असो की पंजाबी ड्रेस, पद्धत तीच, कारण सून गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली आईला खपणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं कधीच नव्हतं. मोटरसायकलच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकात पदर जाऊ नये म्हणून साडीगार्ड असतो, आणि त्याच्याच खाली पाय ठेवायला एक पट्टी असते. त्या पट्टीवर तिचे दोन्ही पाय, उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा मांडीवरच्या पिशवीवर. गाडी चौकातून मुख्य रस्त्याला लागली की ती सुरू व्हायची.

ती सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि वेळ देऊन आलेल्यांना थांबवून ठेवायचं, हे तिचं काम. ती यवतमाळकडची. पुण्यात येऊन तिला अर्धं आयुष्य झालं, तरी इथली माणसं चेहऱ्यावरची रेघ न हलवता असं बोलू कशी शकतात याचं तिला अजून नवल वाटतं. एक आजोबा तासभर थांबले आणि उठून म्हणाले, "जातो मॅडम. दुखायचा कंटाळा येऊन दात गप्प झालाय." हे ती हुबेहूब त्यांच्या आवाजात सांगायची. पण गाडीवर. घरी आल्यावर त्यातलं अवाक्षर नाही.

नुसत्या गमती नव्हत्या. मुलीला नोकरीसाठी बंगळूरला पाठवायचं, हे आम्ही बंडगार्डनच्या पुलावर ठरवलं. माझ्या छातीत दुखून गेलं होतं, ते मी तिला पहिल्यांदा गोळीबार मैदानाच्या सिग्नलला सांगितलं. हिरवा दिवा लागेपर्यंत ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि दिवा लागल्यावर म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. रजा टाका."

अडचण एकच होती, हेल्मेटची. ती तोंड रस्त्याच्या कडेला करून बसलेली, त्यामुळे माझ्यापेक्षा फुटपाथवरच्या लोकांना तिचं बोलणं जास्त ऐकू जात असणार. मला निम्मं कळायचं. मग मी मान डावीकडे वळवून "काय?" म्हणायचो, आणि ती तेच पुन्हा सांगायची, पहिल्यापेक्षा जरा रंगवून. आमच्या संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द कोणता, तर तो "काय?"

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी यार्डातून परतताना आम्ही पडलो. वेग काहीच नव्हता. यार्डाबाहेर ट्रक वळतात तिथे कोबीची पानं नि कांद्याची टरफलं चाकांखाली चिरडून रस्त्यावर त्यांचा राडा झालेला असतो. ती काहीतरी सांगत होती. मी "काय?" म्हणून मान वळवली, पुन्हा समोर पाहतो तो हातगाडी आडवी. पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या अंगाला निसटली. मला खरचटलं. तिचा घोटा गाडीखाली आला. हमालांनी गाडी उचलली, तिला कांद्याच्या पोत्यावर बसवलं, कुणी पाणी दिलं. ती रडली नाही. पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, "तुम्हाला लागलं का?"

घोटा मोडला होता. प्लास्टर झालं, मग काठी, मग गरम पाण्याची बादली. आईने सुनेची सेवा मनापासून केली आणि तोंडाने कोबीला, रस्त्याला, हातगाडीवाल्याला आणि मला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. उन्हाळा संपेपर्यंत बायको पहिल्यासारखी चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता पळालात तरी हरकत नाही. पण ती गाडीवर बसेना.

नाही असं ती कधी म्हणाली नाही. "या रविवारी नको, पुढच्या बघू," असं म्हणायची. पुढच्या रविवारी घरात काहीतरी काम निघायचं. भाजी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून येऊ लागली, आणि इतकी वर्षं त्यासाठी भांडलेल्या आईने ती निवडताना चकार शब्द काढला नाही. कुठे जायचं झालं तर आम्ही रिक्षा करायचो. मला वाटलं, चला, रिक्षात तरी बोलणं होईल, शेजारी शेजारी तर बसतोय. ती आपल्या बाजूने बाहेर बघत बसायची, मी माझ्या.

घरात आम्ही बोलायचो ते सगळं निरोपासारखं. दूध आलं का, सिलेंडर लावला का, मुलीचा फोन झाला का. दवाखान्यात माणसं येतच होती, तोंडं उघडून बसत होती, पण त्यांच्यातलं कुणी माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मला तिची आठवण यायची. समोर बसून भात कालवत असलेल्या माणसाची आठवण येते, हे सांगायचं तरी कुणाला.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. लोकांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पार्ट नापास झाला की आमची पद्धत ठरलेली आहे: मूळ कारण शोधायचं, त्यावर उपाय लावायचा, पुढचा पार्ट घ्यायचा. मी तीच पद्धत घरी आणली. बायको गाडीवर बसत नाही. मूळ कारण, पडायची भीती. उपाय, गाडी पडली तरी तिच्या पायावर येणार नाही अशी सोय. कारण तिलाच विचारून घ्यावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पार्टला कुणी विचारत नाही.

सोय म्हणजे स्लायडर. गाडीच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी मुठीएवढा कडक नायलॉनचा ठोकळा बोल्टने बसवतात. गाडी आडवी झाली की तो आधी जमिनीला टेकतो, त्यावर गाडी घसरत जाते, आणि इंजिन, टाकी, आपला पाय हे सगळं रस्त्यापासून जरा वर राहतं. दुसरा प्रकार म्हणजे लोखंडी नळीचा वाकवलेला गार्ड, जो सगळ्यांच्या गाडीला असतो आणि पडल्यावर कशात तरी अडकतो. मी दोन्हींचा अभ्यास सुरू केला. जेवण झालं की मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायचो. त्यात धडधाकट पोरं चांगल्या गाड्या मुद्दाम आडव्या पाडायची आणि उचलून दाखवायची. कंपनीच्या बसमध्ये ज्याला त्याला मत विचारायचो. ठोकळा फार आखूड असेल तर उपयोग शून्य, फार लांब असेल तर पडताना सांगाडाच वाकवतो, हे मी जेवताना समजावून सांगायचो. बायको म्हणायची, "हो का." आई म्हणायची, "पडायचंच ठरवलंय, तर मग जाता कशाला?"

शेवटी एका शनिवारी सुट्टी होती म्हणून नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्लीत गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. स्लायडर म्हटल्यावर त्याने चष्मा खाली घेतला.

"दिसायला पाहिजे की पडायला?"

"पडायला," मी म्हणालो.

"मग बसा."

त्याने काउंटरवर ठोकळे मांडले. काळे, लाल, ॲल्युमिनियमची टोपी घातलेले. मी खिशातून व्हर्नियर काढला आणि एकेकाची लांबी, जाडी, भोकाचा व्यास मोजायला लागलो. तो बघत राहिला. "सोनाराकडेसुद्धा गिऱ्हाईक इतकं मोजत नाही, साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, सोनं पडल्यावर पायावर येत नाही. त्याला ते पटलेलं दिसलं, कारण त्याने चहा सांगितला.

"मागे बसलेल्याचं काय?" मी विचारलं.

"मागे कोण बसतंय? स्लायडर लावणारे सगळे एकेकटेच फिरतात."

"आमच्याकडे बसतात."

"मग मागचाही सेट घ्या," असं म्हणून त्याने खालच्या कप्प्यातून आणखी एक खोका वर ठेवला. मागच्या चाकापाशी लागणारे ठोकळे. तिच्या पायाजवळ. मला इतका आनंद झाला की ते मी मोजायचेही विसरलो.

फिटिंग दुकानासमोर फुटपाथवरच करतात. मेकॅनिक मागच्या बाजूला बसला होता आणि मी पुढे गुडघे टेकून उजवा स्लायडर सांगाड्याबाहेर किती येतो ते बघत होतो. मागून त्याचा आवाज आला, "साहेब, मागचं बसवायला हे जुनं काढावं लागंल. बोल्टची जागा एकच हाय."

"काढा," मी मान वर न करता म्हणालो.

घरी येऊन गाडी खाली पार्किंगमध्ये लावली, फडक्याने पुसली आणि बायकोला हाक मारली. ती ओढणीला हात पुसत जिना उतरून आली. वर गॅलरीत आई येऊन उभी राहिली. मी ठोकळ्यावर टिचकी मारून मारून सांगायला लागलो: हा आधी टेकणार, म्हणून ही टाकी वाचणार, आणि हा मागचा, हा खास तुझ्यासाठी, आता गाडी पडली तरी पायावर यायचीच नाही. ती ऐकत ऐकत गाडीभोवती चालत आली. डाव्या बाजूला येऊन थांबली.

"आणि मी पाय कुठे ठेवू?" तिने विचारलं.

मी वाकून पाहिलं. साडीगार्ड नव्हता. त्याच्या खालची पट्टीही नव्हती. तिथे उघडं चाक होतं आणि त्याच्या जरा वर माझा नवाकोरा काळा ठोकळा. तिने पुन्हा मागे बसावं म्हणून मी महिनाभर डोकं लावलं होतं, आणि तिची बसायची सोयच काढून टाकून आलो होतो.

ती वळली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला वाटलं हसतेय, आणि मीही हसायला लागलो. मग तिने ओढणी तोंडाला लावली आणि मला कळलं की ती हसत नाहीये.

"काय झालं गं?" आईने वरून विचारलं.

"काही नाही, आई," ती म्हणाली. आवाज सारखा करून अगदी रोजच्यासारखं म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात तिची यवतमाळची भाषा आली. ती भाषा एरवी फक्त भावाच्या फोनवर येते.

"मले वाटलंच होतं. तुम्हाले पण तसंच वाटते."

"कसं?"

"मी मागं नसती तर तुम्ही पडलेच नसते म्हणून."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. ती हळूहळू सांगू लागली आणि बोलता बोलता पुन्हा पुण्याच्या भाषेत आली. ती बोलत होती म्हणून मी मान वळवली. मान वळवली म्हणून हातगाडी दिसली नाही. तिचा नुसता घोटा मोडला, पण तिथे हातगाडीच्या जागी ट्रक असता तर. तेवढ्या एका फालतू गोष्टीसाठी मी गेलो असतो. पोत्यावर बसल्या बसल्याच तिने ठरवलं होतं की आता आपण बोलायचं नाही. आणि न बोलता मागे बसणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ती बसतच नव्हती.

"अगं, रस्त्यावर कोबीची पानं होती," मी म्हणालो. "मी पुढचा ब्रेक दाबला. तिथे मागचा दाबायचा असतो. हातगाडीवाला मध्येच आला. यात तुझं बोलणं कुठे बसतं?"

"तुम्हीच म्हणता ना, मूळ कारण शोधायचं. मूळ कारण मी."

इतक्या वर्षांत माझ्या नोकरीने माझा इतका पराभव कधी केला नव्हता. मी ठोकळ्यांकडे बघितलं. मग मनात होतं तेच सांगितलं, कारण सांगण्यासारखं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. म्हटलं, मी मान वळवतो कारण मला ऐकायचं असतं. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी लोकांची खोट काढतो, कुणाला माझ्याशी बोलायची हौस नसते, आणि रविवारी तू त्या दवाखान्यातली माणसं घेऊन येतेस. तू गप्प झाल्यापासून मला घरात करमत नाही. कंपनीची बस चौकात सोडते तेव्हा उतरावंसं वाटत नाही. पडायचंच असेल तर पडू, पण असं नको.

तिने ओढणीने नाक पुसलं. बराच वेळ ती गाडीकडे बघत होती.

"तरी माझी जागा काढून टाकली," ती म्हणाली.

"काढली. माझी अक्कल तेवढीच."

"कुठे आहे ती?"

"दुकानात राहिली."

"मग आणा परत."

मी किल्ली घेऊन उठलो. गाडी स्टँडवरून काढतोय तोवर ती म्हणाली, "थांबा. मीच येते. तुम्ही तिथे जाऊन आणखी काहीतरी काढून याल." आणि वर जाऊन हेल्मेट घेऊन आली. ते इतके महिने माळ्यावर पडून होतं. आणताना तिने ते पुसलंही नव्हतं.

गाडीजवळ आल्यावर मात्र ती अडली. एका बाजूला बसावं तर पाय ठेवायला काही नाही. दोन्हीकडे पाय टाकायला दोन्ही बाजूंना घडीच्या कांड्या होत्या, पण तिने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आई कठड्यावर कोपर टेकून उभी होती, सगळं ऐकत असणार.

"बघती काय?" आई म्हणाली. "टाक की पाय दोन्हीकडं. आमच्या टायमाला आसल्या गाड्या आसत्या, तर म्या बी तशीच बसले आसते."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नापासून आजवर ज्या गोष्टीसाठी ती अंग चोरून बसत आली होती, ती गोष्ट आईच्या डोक्यात कधी नव्हतीच. बायकोने पाय टाकला आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

जाताना ती बोलली नाही. मी इतकी हळू चालवत होतो की मागून रिक्षावाले शिव्या घालून पुढे जात होते. प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबला की तिचे हात खांद्यांवर घट्ट व्हायचे आणि मग सैल व्हायचे. घाबरलेलो मीही होतो. पण खांद्यांवर ते ओझं होतं आणि मला ते हवं होतं.

दुकानदाराने आम्हाला बघून चष्मा खाली घेतला. "काय झालं? माप चुकलं?"

"साडीगार्ड पाहिजे," मी म्हणालो.

"नवा?"

"आमचाच."

त्याने दुकानाच्या कडेला हात केला. भिंतीशी साडीगार्डांचा ढीग पडलेला होता. काळे, चंदेरी, काही तर कोरे, गाडी शोरूममधून आली त्याच दिवशी काढून टाकलेले. "गाडीला शोभत नाहीत म्हणून पोरं काढतात आणि इथंच टाकून जातात," तो म्हणाला. "बघा, वरच असेल." तो वर नव्हता. दुपारभरात त्याच्यावर आणखी पडले होते. आम्ही दोघं खाली बसून एकेक बाजूला करायला लागलो. मला राहून राहून वाटत होतं की यातल्या प्रत्येकावर कुणी ना कुणी बसू शकलं असतं. त्या पोरांना अजून कुणी भेटलं नसेल, किंवा भेटलेली दोन्हीकडे पाय टाकत असेल, हे माहीत असूनही मला त्या ढिगाकडे बघून वाईट वाटत होतं.

"हा," बायको म्हणाली. तिने एक ओढून काढला. पावसात चप्पल निसटते म्हणून खालच्या पट्टीला तिने कधीतरी सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळली होती. ती अजून होती. मेकॅनिकच्या हातात न देता तिने आधी तो ओढणीच्या टोकाने पुसला.

"मागचे स्लायडर काढा," तिने दुकानदाराला सांगितलं. "पुढचे राहू द्या. ते साहेबांसाठी."

"वहिनी, माल चांगला आहे हो."

"चांगलाच असेल. मला नको."

त्याने काढलेले ठोकळे हातात घेऊन फिरवून पाहिले. "अजून पडला नाहीत ना यावर?"

"नाही."

"मग घेतो परत," तो म्हणाला आणि खोका खालच्या कप्प्यात सरकवला.

साडीगार्ड बसला. मी गाडी चालू करून वाट बघत राहिलो की ती नेहमीसारखी डावीकडून येऊन एका बाजूला बसेल. ती आली, पट्टीवर पाय देऊन मजबूत आहे का पाहिलं, आणि पाय पलीकडे टाकून बसली. मी साडीगार्डाकडे बोट दाखवलं. "असू दे," ती म्हणाली, "साडी नेसले की लागेल."

कॅम्प ओलांडला तोवर ती गप्पच होती. मी ठरवलं होतं की आपण काही विचारायचं नाही. बंडगार्डनच्या पुलावर चढताना मागून तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला हलकेच टेकलं आणि थेट कानाशी आवाज आला.

"ऐकू येतंय का?"

येत होतं. शब्दन् शब्द येत होता. ती आता समोर तोंड करून बसली होती, तिचं बोलणं रस्त्याच्या कडेला न जाता सरळ माझ्याकडे येत होतं. इतकी वर्षं तिची निम्मी वाक्यं फुटपाथवर सांडली होती, आणि ती गोळा करायला मी माना वळवत होतो.

"येतंय," मी म्हणालो.

"मान वळवू नका."

"नाही वळवत."

मग ती सुरू झाली. दवाखान्यात एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, कवळी बसवायला. नवरा खुर्चीत आ करून बसलेला. बाईने डॉक्टरांना विचारलं, "बसवताय ते ठीक आहे, पण बसवल्यावर हे बोलतील का? कारण दात होते तेव्हाही बोलत नव्हते." हे तिने त्या बाईच्या आवाजात सांगितलं, मग डॉक्टरांच्या, मग तोंड उघडं ठेवूनच उत्तर द्यायचा प्रयत्न करणाऱ्या नवऱ्याच्या. मी हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. हेल्मेटमध्ये ते पुसता येत नाहीत. पुढची गाडी धूसर दिसायला लागली तेव्हा मी काच वर केली आणि वाऱ्यावर डोळे सुकू दिले. तिला मागून काही दिसत नव्हतं. ती पुढचं सांगत होती. किती महिन्यांचं साठलेलं होतं, एकात एक गुंतलेलं, कवळीवाल्या बाईची शेजारीण, तिचा मुलगा, त्याने दवाखान्यात केलेला तमाशा.

येरवडा गेला. विश्रांतवाडीचा चौक दिसायला लागला. घराकडे वळायची लेन डावीकडे होती आणि मी उजवीकडच्या लेनमध्येच राहिलो. आमच्याजवळ पिशव्या नव्हत्या, भाजी आणायची नव्हती, उशीर का झाला हे आईला सांगायला कारण नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मी सरळ आळंदी रस्त्याला लागलो.

जरा पुढे गेल्यावर ती बोलता बोलता थांबली.

"अहो, घर मागे गेलं."

"माहीत आहे."

"मग चाललोय कुठे आपण?"

"कुठेच नाही," मी समोर बघत म्हणालो. "तू सांग. मग तो मुलगा काय म्हणाला?"

मग ती सीटवर जराशी पुढे सरकून बसली आणि सांगायला लागली.